काठीच्या होळीतील छायाचित्रकारराव

प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. ज्या छायाचित्र-प्रदर्शनाविषयी हे लिहितो आहे, त्याच्या उद्घाटनाला व्यासपीठावर मीही होतो. आणि ज्या शब्दकळेवर पुढे कोरडे ओढणार आहे, ती त्या संध्याकाळी माझ्याही तोंडी होती. अशा प्रसंगी मराठीच्या प्राध्यापकाला बोलावतात ते चार गोमटे शब्द ऐकण्यासाठी. मी 'सातपुड्याच्या कुशीतील आदिम लय' अशा थाटाचे काहीसे बोललो. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळाले, चहापान झाले. दुसऱ्या दिवशी जे घडले ते घडले नसते, तर हा लेख लिहिण्याची बुद्धी मला झाली नसती.

प्रदर्शन होते एका छायाचित्रण-सहलीतील सभासदांचे. हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. एखादा अनुभवी छायाचित्रकार दहा-बारा हौशी मंडळींना ठरावीक शुल्क घेऊन यात्रेला, मेळ्याला किंवा जंगलात नेतो; कुठे उभे राहायचे, कोणती लेन्स लावायची, प्रकाश केव्हा चांगला मिळतो हे सांगतो; आणि परतल्यावर सर्वांची छायाचित्रे एकत्र मांडून त्यांची 'समीक्षा' होते. वाराणसी, पुष्कर, लडाख ही ह्या मंडळींची जुनी तीर्थक्षेत्रे. आता त्यांत आमच्या खानदेशातील दोन स्थळांची भर पडली आहे : दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारी घोड्यांची यात्रा आणि सातपुड्यातील काठीची होळी. हे प्रदर्शन काठीचे होते.

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला, तोवर ते आमच्याच धुळे जिल्ह्यात होते. पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एक येथे होते, म्हणून ह्या होळीला 'राजवाडी' म्हणतात. रात्रभर ढोल वाजतात, उंच बांबूचा दांडा उभा राहतो, आणि होळी पेटते ती पहाटे. डोक्यावर मोरपिसांचा टोप, उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू अशा वेषातले बुध्या, बावा रात्रभर नाचतात. हा वेष नवसाचा असतो. तो घेणारा माणूस होळीच्या आधी कित्येक दिवस कडक पथ्ये पाळतो. म्हणजे प्रदर्शनाच्या पत्रिकेत ज्याला 'रंगोत्सव' म्हटले होते, ते त्या माणसाचे व्रत आहे. वारकऱ्याच्या गळ्यातील माळेला आपण 'कॉस्च्यूम' म्हणत नाही. बुध्याच्या टोपाला मात्र आपली जीभ तो शब्द बेधडक लावते.

प्रदर्शनात चाळीस छायाचित्रे होती. पहिल्या दिवशी ती मी पाहिली असे म्हणणे खरे नाही. मी त्यांच्यासमोरून गेलो. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातील काही मुलांना घेऊन गेलो. त्यांत अक्कलकुवा तालुक्यातून धुळ्याला शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती. एका मोठ्या छायाचित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. ठिपक्यांनी रंगवलेला चेहरा, काळोखी पार्श्वभूमी, डोळ्यांत होळीच्या जाळाचे प्रतिबिंब. खाली मथळा : 'आदिम'. ती म्हणाली, "सर, हे आमच्या पाड्याजवळचे आहेत. ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. होळीला आले असतील." मग थोडे थांबून म्हणाली, "फोटो चांगला आला आहे. त्यांच्या घरी आधार कार्डावरचा सोडून दुसरा फोटो नसेल. ह्याची एक प्रत मिळेल का?" आम्ही आयोजकांकडे गेलो. त्यांनी अत्यंत सौजन्याने किमतीचा तक्ता पुढे केला.

ती किंमत एका कोयत्याच्या किती दिवसांच्या मजुरीइतकी होती, ह्याचा हिशेब ती मुलगी मनातल्या मनात करत असावी. मी माझी शाल आठवत होतो.

आता त्या 'समीक्षे'कडे वळतो, कारण माझे मुख्य भांडण तिच्याशी आहे. उद्घाटनाच्या आधी सभासदांसमोर एकेक छायाचित्र पडद्यावर दाखवून चर्चा झाली होती. तिलाही मी हजर होतो. 'मोरपिसे चौकटीच्या वरच्या कडेला कापली गेली', 'तृतीयांशाचा नियम पाळला असता तर', 'कॅचलाइट सुरेख', 'मागचा माणूस लक्ष विचलित करतो, तो काढून टाका'. दोन तास हेच चालले. चाळीस छायाचित्रे, शेकडो शेरे, आणि 'हा माणूस कोण?' हा प्रश्न एकदाही नाही. जो 'मागचा माणूस' काढून टाकायला सांगितले, तो ढोल वाजवत होता. त्याच्याच तालावर पुढचा नाचत होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही समीक्षा ओळखीची वाटेल. आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' असा एक वाद गाजला. तो आज आपण परीक्षेपुरता शिकवतो, आणि ते योग्यही आहे, कारण मराठी समीक्षा त्याच्या कितीतरी पुढे गेली. दलित, ग्रामीण, स्त्रीवादी, आदिवासी साहित्याने तिला प्रश्न विचारायला भाग पाडले : कोण बोलतो आहे, कोणाविषयी, कोणाच्या वतीने? हे प्रश्न न विचारता आज कादंबरीवर साधे परीक्षणही लिहिता येत नाही. पण तीच कादंबरी वाचणारा माणूस गळ्यात कॅमेरा अडकवताच नऊ दशके मागे जातो आणि फडक्यांच्या तंत्रविचारात सुखाने नांदू लागतो. फडक्यांवर हा अन्यायच म्हणायचा. तंत्राची महती गाताना त्यांना निदान पात्राला नाव द्यावे लागत असे.

ह्या प्रदर्शनात एका गोष्टीने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. 'आदिम' मथळ्याच्या त्या एकाच माणसाची निरनिराळ्या सभासदांनी काढलेली पाच छायाचित्रे भिंतींवर होती. थोडा कोन वेगळा, थोडा प्रकाश वेगळा. पाचही जण एकाच वेळी त्याच्यासमोर खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांवर बसलेले असणार. पण एकाही छायाचित्रात दुसरा छायाचित्रकार दिसत नाही. प्रत्येकाने सर्वाधिक मेहनत घेतली होती ती शेजाऱ्याला चौकटीबाहेर ठेवण्यात. त्याबरोबर आणखीही बरेच काही बाहेर राहिले : पोलिसांची गाडी, पुढाऱ्यांचे फलक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जीन्स घातलेले तरुण, मोरपिसांचा टोप घालून स्वतःच मोबाइलवर सेल्फी काढणारा मुलगा. एवढे सगळे बाहेर ढकलल्यावर जे उरले, त्याला मथळा दिला 'अस्पर्शित'. समोर डझनभर कॅमेरे रोखलेल्या माणसाला अस्पर्शित म्हणण्यासाठी मोठेच धैर्य लागते.

ह्या युक्तीला इतिहास आहे, आणि तो मुंबईतच सुरू होतो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. त्या वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडून आणून जोडलेले, अशी कित्येक छायाचित्रे आहेत. पुढे १८६८ ते १८७५ ह्या काळात सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांवरचे आठ खंड निघाले. सत्तावन्नच्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांना प्रजेचे नमुने ओळखून ठेवायचे होते. त्या खंडांत बहुतेक चेहऱ्यांखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. जॉन्सन मागचे दृश्य चिकटवत होता, आमची मंडळी ते कापून टाकतात. तंत्र उलटे झाले, हेतू तोच राहिला. माणूस आपल्या काळातून उचलायचा आणि आपल्याला हव्या त्या काळात ठेवायचा.

मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. पक्षी दाणा टिपतो, शिकारी सावज टिपतो, टीपकागद शाई टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. पण त्याच धातूपासून 'टिपण' हा शब्दही आला आहे : कोण, कुठे, केव्हा याची नोंद. आमच्या छायाचित्रकाररावांनी (लेखकाचा लेखकराव कसा होतो हे खानदेशच्याच नेमाड्यांनी आपल्याला शिकवले आहे) टिपले पुष्कळ. टिपण मात्र एकही नाही. चाळीस छायाचित्रांखाली चाळीस छायाचित्रकारांची नावे ठळक अक्षरांत होती. कॅमेऱ्याचे मॉडेल होते, शटरचा वेग होता. चित्रातील माणसाचे नाव एकाही ठिकाणी नव्हते. गावाचे नाव फक्त पत्रिकेवर होते.

आणि हे धुळ्यात घडावे! ज्या शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला आणि ज्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी ह्याच शहरात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या शहरात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड ज्या माणसाने काढले, तो कागदांसाठी गावोगाव वणवण हिंडला. कागद कोणाच्या दप्तरातला, कोणत्या मितीचा, कोणी कोणास लिहिलेला, हे निश्चित करणे हाच त्याच्या विद्येचा कणा होता. मिती नसलेल्या चिठोऱ्याची मिती ठरवण्यासाठी त्या पिढीने डोळे फोडून घेतले. आपण मात्र शुक्रवारी काढलेल्या छायाचित्राची मिती रविवारी मुद्दाम पुसतो, कारण तारीख आली की 'कालातीत' म्हणता येत नाही.

तारीख आणि पत्ता आला की आणखीही काही येते. हाच तो प्रदेश, जिथली ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली. ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी ह्या दोन तालुक्यांतली. येथूनच दर वर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातकडे जातात आणि होळीला जमेल तशी परततात. एका छायाचित्राखाली 'निरागस हास्य' असा मथळा होता. एक स्त्री गर्दीत कोणाकडे तरी पाहून दिलखुलास हसते आहे. ती कदाचित कित्येक महिन्यांनी बहिणीला भेटली असेल. तसे असेल तर त्या हसण्यात महिन्यांचा हिशेब आहे, अंतर आहे, उचल आहे, मुकादम आहे. निरागसतेचा शिक्का मारून आपण तिचे हसू तिच्या आयुष्यापासून तोडतो. विशेषण हे किती निष्ठुर हत्यार असू शकते, हे आपण मराठीच्या शिक्षकांनी तरी ओळखायला हवे होते.

ह्यावर काही आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला आक्षेप असा की, लेखकही माणसांना उचलून कथेत घालतोच. त्याला कोण परवानगी विचारतो? प्रश्न रास्त आहे. पण लेखक नाव बदलतो, गाव बदलतो, दोन माणसांचा एक करतो. तो माणसाला झाकतो आणि मग बोलतो. छायाचित्रात ह्याच्या बरोबर उलट घडते. तेथे झाकले जाते ते नाव, आणि चेहरा भिंतीवर टांगला जातो. संरक्षण मिळायचे ते मिळत नाही, आणि श्रेय मिळायचे तेही मिळत नाही.

दुसरा आक्षेप : त्यांची काही तक्रार नाही, उलट ते हौसेने उभे राहतात. राहतातच, कोणाला आवडणार नाही आपला फोटो? त्या हौसेत एक अपेक्षा असते, की तो आपल्यालाही पाहायला मिळेल. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तोच होता. जगात गाजलेल्या दोन चेहऱ्यांची गोष्ट येथे आठवावी. डोरोथिया लँग हिने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेली ती स्थलांतरित आई जगभर करुणेचे प्रतीक झाली. तिचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन, जगाला कळले १९७८ मध्ये. आणि तेव्हा तिने तक्रारच केली, की आपले नावही विचारले गेले नाही आणि आपल्या पदरी काहीच पडले नाही. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली. शरबत गुला हे तिचे नाव कळायला २००२ साल उजाडावे लागले, आणि स्वतःचे ते छायाचित्र तिने पहिल्यांदा पाहिले तेही तेव्हाच. तक्रार नसते, कारण तक्रार ज्यावर करायची ती वस्तूच त्या माणसापर्यंत पोहोचलेली नसते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशाने उत्स्फूर्त छायाचित्रण संपेल, प्रत्येक क्षणी अर्ज भरून घ्यायचा काय? अर्जाची मागणी मी करत नाही. क्षण टिपा. पण क्षण संपल्यावर माणूस तेथेच असतो. होळी पेटली, उजाडले, सहलीची बस निघायला अजून तासभर आहे. त्या तासात नाव विचारता येते. ह्या सहलीच्या वेळापत्रकात तो तास होता. त्यात सर्वांनी बॅटऱ्या चार्ज केल्या.

बाहेरून आलेला माणूस खरे चित्र काढूच शकत नाही, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. कॅमेरा घेऊन ह्या भागात आलेल्या आद्य मंडळींत रॉबर्ट गिल आहे. मद्रास लष्करातला हा अधिकारी कंपनीच्या हुकुमाने १८४४ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्यासाठी नेमला गेला. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्याच्या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. गिल साधुसंत नव्हता; तोही राज्यकर्त्यांचाच माणूस. पण तो राहिला. पारोशी जोडलेले त्याचे नाव आजही अजिंठ्यात घेतले जाते, महानोरांनी त्यावर दीर्घकाव्य लिहिले, आणि १८७९ मध्ये मृत्यू आला तेव्हा त्याला माती मिळाली ती आमच्या भुसावळला. पस्तीस वर्षांचे गणित मी दोन रात्रींच्या सहलीला लावत नाही. एवढेच म्हणतो, की एखाद्या जागेचे देणे लागतो हे कळायला तेथे थोडे थांबावे लागते.

समीक्षकाने केवळ झोडपू नये, म्हणून ह्याच प्रदर्शनातील एका छायाचित्राविषयी लिहितो. ते दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात होते. उजाडल्यानंतरचा सपाट, रंगहीन प्रकाश. एक बुध्या टोप गुडघ्यावर ठेवून कागदी पेल्यातून चहा पितो आहे. घामाने अंगावरचे ठिपके ओघळले आहेत. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि चौकटीच्या कडेला कोणाचा तरी कॅमेऱ्याचा पट्टा. मथळा साधा : 'काठी, होळीनंतरची सकाळ'. चर्चेत ह्या छायाचित्राला 'प्रकाश मेलेला, पार्श्वभूमीत अडगळ' असा शेरा मिळाला होता. मला ते सर्वांत उत्तम वाटते. त्यात रात्रभर नाचून थकलेला माणूस आहे, त्याचे व्रत पार पडले आहे, आणि पाहणाराही कडेला का होईना हजर आहे. काढणाऱ्या बाईंना मी नाव विचारले का म्हणून विचारले. विचारले होते, पण मथळ्यात नाव घालायचे नसते असे त्यांना सांगण्यात आले. म्हणजे चूक केवळ हौशी मंडळींची नाही. कोणीतरी त्यांना तसे शिकवते आहे, आणि आपण टाळ्या वाजवून त्या शिकवणीवर मोहोर उमटवतो आहोत.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपण अनेक वर्गांत शिकवतो. ज्यांचे दुःख आहे ते खाली बसलेले, आणि त्यांच्या दुःखाविषयी त्यांनाच सांगणारे वर, असे तिचे चित्र आहे. मी ती दर वर्षी उत्साहाने समजावून सांगतो. त्या संध्याकाळी मी त्याच स्टेजवर शाल पांघरून उभा होतो आणि मला ती कविता आठवली नाही. खाली ती मुलगीही नव्हती. प्रदर्शन तिच्यासाठी नव्हतेच.

पुढल्या होळीलाही बस काठीला जाईल. प्रदर्शन लागेल आणि आपल्यापैकी कोणाला तरी उद्घाटनाचे बोलावणे येईल. जावे, अवश्य जावे. पण निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात : चित्रातील माणसांची, त्यांना चालणार असेल तर, नावे लिहिली आहेत काय? तारीख आणि गाव आहे काय? आणि प्रत्येकाला त्याच्या छायाचित्राची प्रत पोहोचली आहे काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर शाल नाकारावी. मी नाकारली नव्हती. ती अजून कपाटात आहे, आणि त्या विद्यार्थिनीला प्रत अजून मिळालेली नाही.